गडग्यातला फणस

माझं काम नेमकं काय आहे, हे आजवर एकाच माणसानं मला नीट खोदून विचारलं, आणि उत्तर ऐकून तो माझ्यावर नाराज झाला. ते माझे घरमालक. इन्सुलीचा चेकपोस्ट मागे टाकून बांद्याकडे निघालं की हायवे सोडून एक रस्ता आत वळतो, त्या रस्त्यावर त्यांचं घर. पुण्याच्या धुळीनं मला दम लागायला लागला, तेव्हा लॅपटॉप उचलून मी त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत राहायला गेले. मी कुठं बसून काम करते याच्याशी माझ्या कंपनीला देणंघेणं नव्हतं. सामान लावून होतंय तोच काका, म्हणजे हे घरमालक, दारात येऊन उभे राहिले.

"तू करतंस काय गो? माका समजात असां सांग."

मी सांगितलं. आमच्या कंपनीकडे शिकवणीच्या व्हिडिओंचा डोंगर आहे. प्रत्येक व्हिडिओच्या तोंडावर एक छोटं चित्र लावावं लागतं, ते बघून मुलं ठरवतात की आत शिरायचं की नाही. ही चित्रं हातानं काढत बसलं तर जन्म जाईल, म्हणून मी कोड लिहिते. कोड व्हिडिओ उघडतो, सांगितलेल्या सेकंदाला थांबतो, तिथलं चित्र उचलतो, अंगठ्याच्या नखाएवढं लहान करतो आणि ठेवून देतो. त्याला थंबनेल म्हणतात.

"म्हणजे आख्ख्या व्हिडिओतला एकच चित्र?"

"हो."

"आणि बाकीच्यांचा काय करतंस?"

"काही नाही. ती आतच राहतात."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी चोरलंय. "तासभर तो बिचारो मास्तर बोंबालता, आणि तू तेचा एक नख घेतंस? ह्यो न्याय न्हय."

त्यात भर म्हणजे माझा कोड त्या काळात कच्चा होता, आणि त्यानं पकडलेला दर दुसरा मास्तर डोळे मिटलेला निघत असे. ते मी काकांना सांगितलं नाही. त्यांचं माझ्याबद्दलचं मत पहिल्याच दिवशी इतकं घसरलं होतं की अजून घसरायला जागा नव्हती.

काका एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले होते. स्टँडवरच्या खिडकीत बसायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवर सांगायचं, आणि ती किती वाजता आली नि किती वाजता सुटली ते लिहायचं, हे त्यांचं आयुष्य. निवृत्तीत माइक सुटला, सवय सुटली नाही. सकाळची पेज झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभं राहून ते जाहीर करत, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. पेज फलाटावर लागत आहे." प्रवासी ते एकटेच. पेजेला उशीर झाला तर त्याचं कारणही तेच सांगत: "चटणी वाटण्याच्या कामामुळे पेज विलंबाने धावत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." दिलगिरीचा भाग ते काकींच्या वतीनं व्यक्त करत. काकी चुलीपुढून मान वर न करता म्हणत, "बसा आता. पेज थंड झाली तर ताय सांगा माइकार."

घड्याळाच्या बाबतीत मात्र त्यांची चेष्टा करायची सोय नव्हती. उशिरा आलेली गाडी वेळेवर आली असं त्यांनी नोकरीत एकदाही लिहिलं नव्हतं. साहेब सांगत, ड्रायव्हर हातापाया पडत, एकदा तर गाडीत आमदार बसलेले होते. "आमदार बसलो म्हणान घड्याळ थांबता काय गो?" या एका स्वभावापायी त्यांना इतक्या डेपोंचं पाणी प्यावं लागलं की कणकवलीपासून खालच्या सगळ्या स्टँडांवरचे कँटीनवाले त्यांना ओळखत. बढतीत मात्र कुणी ओळखलं नाही.

ते बोलत मालवणीच, पण एका विषयाला हात घातला की त्यांची भाषा कडक इस्त्रीची होऊन बाहेर येई. तो विषय म्हणजे धाकटा भाऊ. दोघांची घरं एकाच आवारात, मधे चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा. या भावाचा उल्लेख काका 'प्रतिवादी' असा करत. "प्रतिवादी आज बाजारात गेला होता." "प्रतिवादीची कोंबडी आमच्या अळवात शिरली." एकदा पलीकडून जोरात शिंक ऐकू आली, तर काका पेपरातून डोकं वर काढून गंभीरपणे म्हणाले, "प्रतिवादीला सर्दी झालेली दिसते." आणि थोड्या वेळानं, मालवणीत, "थंड पाण्यान न्हाता मेलो."

भांडण फणसाचं होतं. गडग्याच्या चिऱ्यांतूनच एक फणस वर आला होता. अर्धं खोड इकडे, अर्धं तिकडे, आणि गरे असे की जिभेवर ठेवल्यावर माणसानं गप्प बसावं. लहानपणी दोघे भाऊ त्या गडग्यावर बसून फणस खात आणि आठळ्या खाली फेकत. त्यातलीच एक रुजली. आता ती आठळी कुणाच्या तोंडातली, हा वाद होता. काका म्हणत, माझ्या. धाकटे म्हणत, माझ्या. वडील होते तोवर दोघांना एकेक टपली मारून प्रश्न मिटवत. वडील गेले, वाटणी झाली, गडगा हद्द ठरला आणि टपली मारायचं काम कोर्टावर आलं. दोघांनीही शपथेवर लिहून दिलं होतं की फणस पूर्वापार आमच्याच ताब्यात आहे, समोरच्याच्या घरात त्याचा गरादेखील कधी गेलेला नाही, आणि दोन्ही घरांत कसलीही देवाणघेवाण नाही.

कोर्टाची तारीख म्हणजे काकांचा सण. आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री, सकाळी लवकर अंघोळ, आणि मग देवळात गाऱ्हाणं. नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालणाऱ्यानं देवाला मोठ्यानं साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. धाकट्यांचीही तारीख अर्थातच तीच, देऊळ तेच आणि गाऱ्हाणं घालणाराही तोच. तो बिचारा एकाच सकाळी एकाच देवाकडे दोघांचा विजय मागत असे. एकदा मी सोबत गेले होते. काकांचा नारळ ठेवलेला, आणि धाकटे आपला नारळ घेऊन मागे पाळीची वाट बघत उभे.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराचा जा काय कोर्टात प्रकरण चालला आसा, तेत तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण तेच्या वाटेत आडवो येता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यातला सर्वांत खणखणीत 'व्हय म्हाराजा' धाकट्यांचा होता. लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं ऐकलं की तोंडातून निघून गेलं. ते लक्षात आल्यावर ते इतके ओशाळले की नारळ तसाच हातात घेऊन खांबाआड झाले. काकांनी मागे वळून पाहिलं नाही, पण बाहेर पडताना माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रतिवादीचा आवाज अजून चांगला आहे." मग धाकट्यांचा नारळ ठेवायची पाळी आली तेव्हा काका देवळाच्या पायऱ्यांवर चपला शोधत रेंगाळले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

त्यानंतर दोघे तालुक्याला एकाच गाडीनं जात, कारण त्या वेळेला गाडी एकच होती. काका पुढच्या सीटवर, धाकटे शेवटच्या. संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत येताना काकांच्या हातात गोड खाजाचा पुडा असे आणि चेहऱ्यावर समाधान. काकी म्हणत, "केस आसा म्हणान ह्येंचां अंग हलता. नायतर खाटेर पडान ऱ्हवले असते."

कॅमेरा या सगळ्यात उशिरा आला. धाकटे चोरून फणस काढतात असा काकांना संशय होता, म्हणून त्यांनी बांद्याहून माणूस आणून माडाच्या खोडावर कॅमेरा बसवला. काही हललं की तो आपोआप चालू होई, थोडा वेळ चित्रण करी आणि बंद पडे. बसवताना काकी स्वतः शिडी धरून उभ्या होत्या. महिन्याभरात एवढे तुकडे साठले की वकिलांनी हात जोडले. "काका, एवढे व्हिडिओ मी बघू, की कोर्ट बघणार? प्रत्येकाचं एक चित्र काढा, एका कागदावर ओळीनं छापा आणि घेऊन या."

काका थेट माझ्या खोलीत. "तुझी ती नखां आता कामाक इली गो."

मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. माझी ती घमेंड आठवली की आजही कान गरम होतात. पहिल्यांदा मी प्रत्येक व्हिडिओची पहिलीच चौकट, म्हणजे फ्रेम, उचलली. कॅमेरा जागा होतो तेव्हा हलणारी वस्तू अजून कडेला असते, त्यामुळे कागदभर नुसता रिकामा गडगा आणि काही ठिकाणी गायीच्या शेपटीचा गोंडा. काकांनी भिंग लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "ह्या शेपटेक समन्स काढूचा काय?"

मग मी कोड बदलला: ज्या चौकटीत सर्वांत जास्त हालचाल, ती उचल. त्यात प्रतिवादीच्या कोंबड्या आल्या, वाऱ्यानं हेलपाटणारी माडाची झावळ आली आणि कॅमेऱ्याच्या तोंडावरच येऊन बसलेला एक कावळा आला, तो आख्खं चित्र भरून. काका कोंबड्यांवर खूश झाले, पण वकिलांनी कोंबड्या नाकारल्या. तिसऱ्यांदा मी माणूस ओळखणारी सोय जोडली: माणूस दिसेल तीच चौकट घे, नसेल तर व्हिडिओ सोडून दे. या वेळी कोडला खाकी कपड्यातला एक चोर सापडला. तो भल्या सकाळी येई आणि ऊन उतरेपर्यंत फणसाच्या शेजारी हात पसरून उभा राही. काका खुर्चीवरून उठलेच. "गणवेशातलो माणूस?" मी चित्र मोठं केलं. तो दोरीवर वाळत घातलेला काकांचा जुना खाकी शर्ट होता.

शर्ट वगळायला सांगितल्यावर जे उरलं ते मी छापून त्यांच्यापुढे ठेवलं. ठेवताना मीही नीट बघितलं नव्हतं, कारण माझं लक्ष कोड चालला याच आनंदात होतं. काकांनी भिंग लावलं आणि ते पहिल्या ओळीवरून पुढे सरकेना. म्हणून मी वाकून पाहिलं.

सगळ्या चित्रांत काकी होत्या. एकेका व्हिडिओत काही वावगं दिसलं नसतं. बाई परसात जाते, येते. पण ती चित्रं एकमेकांशेजारी लागल्यावर लपून राहत नव्हतं. रोज दुपारी तीनच्या पुढे, काका वामकुक्षी घेत असताना, काकी गडग्याशी उभ्या. हातात कधी फणसाचा अर्धा तुकडा, कधी केळीच्या पानानं झाकलेलं ताट. पलीकडची बाजू कॅमेऱ्यात येत नव्हती, पण गडग्यावरून एक हात यायचा, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला. ताट जायचं, बदल्यात दुसरं काही यायचं. एका चित्रात काकी तोंडावर पदर धरून हसत होत्या. मी त्या घरात इतके दिवस राहिले, त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

काकांचं भिंग गडग्यावरून येणाऱ्या एका पातेल्यावर थांबलं. "ह्यो टोप आवशीचो," ते म्हणाले. "वाटणीत तेका गेललो." मग बोटानं चित्रांखालच्या तारखा मोजल्यासारखं करत, "ह्यो ऐतवार. ह्यो पण ऐतवार. ह्यो पण." आणि मग खुर्चीत मागे टेकले.

आम्हां दोघांच्या डोक्यात एकाच वेळी प्रकाश पडला. काकींचा स्वयंपाक साधा. पण रविवारी रात्री त्या घरात बांगडा माशाचं जे झणझणीत तिखलं व्हायचं, त्यानं काका विरघळून जात. तिरफळांच्या वासानं ते पेपर टाकून उठत आणि प्रत्येक वेळी म्हणत, "आज तुझो हात बरो बसलो हां." काकी म्हणत, "व्हय." एवढंच.

"म्हणजे इतकी वर्सां मी प्रतिवादीचां तिखलां खातंय," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग किती आणि भूक किती, हे मला सांगता येणार नाही. कागदाची घडी करून ते उठले आणि दारात थांबून म्हणाले, "तिका काय बोला नको."

मी कसली न बोलतेय. काका बाजारात गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन काकींना सगळं सांगितलं.

"काकी, कॅमेरा तिथं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. शिडी तुम्हीच धरली होती."

"तो फणसाक बघता असा सांगल्यांनी ना? इतक्या वर्सांत ह्येंनी कधी माका धड बगल्यांनी नाय, कॅमेरो कित्याक बगतलो?" त्यांना हसू आलं. मग ते थांबवून त्या म्हणाल्या, "माझी जाव नि मी एका मांडवात लगीन होवन एकाच दिवशी ह्या घरात इल्लंव. वाटणी तेंची झाली. आमची कोणी केली? ह्या घरात माझ्याकडे बोलूक कोण आसा, सांग. ह्ये बोलत नायत, ह्ये गाडयेचो टाइम सांगतत. ती एक दुपार आसा माका. ती गेली तर गेलां सगळां."

इतकी साधी गोष्ट त्यांना कोर्ट, वकील आणि कॅमेऱ्याच्या तावडीतून सांभाळायची होती, आणि मी त्याच गोष्टीचे ओळीनं फोटो छापून ठेवले होते. धाकट्यांना ठाऊक आहे का, असं मी विचारलं. काकी म्हणाल्या, "आमच्या फणसाची भाजी खातत ते. एकदा 'वायच मीठ कमी हां' म्हणाले म्हणे. जेका घरचीच वाटता, तो असो मापान सांगतलो काय? तेंका म्हायत आसा सगळां."

वकिलांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. तुमच्याच घरातून तुमच्याच बायकोच्या हातानं फणस पलीकडे पोचतोय म्हटल्यावर दावा राहिला कुठं, शपथेवर लिहून दिलेलं खोटं पडलं. पण त्यांच्याकडे उपाय होता. दुपारची चित्रं गाळायची. कोंबड्या आणि झावळ्या तेवढ्या ठेवायच्या.

"गाळूची नाय," काका म्हणाले.

"अहो, केस जाईल."

"जावंदे नायतर ऱ्हवांदे. घडला ता गाळूचा नाय. दिवसाची एक गाडी लिवची, एक गाळूची, असा मी कधी केलंय नाय."

मला वाटलं, संपलं. त्यांच्या स्वभावाला दुसरी वाटच नव्हती. ते सगळं कोर्टात मांडणार, केस हरणार, आणि गडग्यावरची ती दुपार सरकारदरबारी नोंदली जाणार. त्यानंतर काकींनी कुठल्या तोंडानं गडग्याशी उभं राहायचं? तारखेपर्यंतचे दिवस घरात कुणीच कुणाशी नीट बोलत नव्हतं. काकी दुपारी गडग्याशी जात, पण आवाज एवढा खाली की माझ्या खिडकीपर्यंत पोचत नसे. आणि काका त्या वेळी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. पाणी प्यायला उठले असताना मी एकदा पडवीत डोकावले, तर त्यांचे डोळे उघडे होते.

तारखेला वकिलांनी मलाही बोलावलं, चित्रं कशी काढली ते सांगावं लागलं तर असावी म्हणून. गाडीत नेहमीचीच बैठक, काका पुढे, धाकटे मागे. काकांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद होता. देवळात त्या दिवशी ते गेले नव्हते.

काका पिंजऱ्यात उभे राहिले. धाकट्यांचे वकील तरुण होते आणि त्यांना कॅमेऱ्याची आणि दुपारच्या चित्रांची कोर्टाच्या आवारातून खबर लागली होती.

"तुम्ही फणसावर कॅमेरा लावला आहे?"

"होय."

"त्यात काय दिसतं?"

"फणस."

लोक हसले. वकिलांनी त्यांना हसू दिलं आणि विचारलं, "दुपारी तीन ते चार या वेळेत त्या फणसाखाली कोण असतं?"

पिशवीवरचा काकांचा हात मला दिसत होता. हा माणूस खोटी वेळ सांगणार नाही हे मला माहीत होतं, आणि त्यानं खरं सांगितलं तर मला त्याचा राग येणार होता हेही कळत होतं. मी काकींचा तो पदर धरून हसणारा चेहरा डोळ्यांपुढून काढायचा प्रयत्न करत होते. काकांनी एकदा बाकावर बसलेल्या धाकट्यांकडे पाहिलं आणि अतिशय शुद्ध मराठीत सांगितलं:

"त्या वेळेत मी झोपलेला असतो. गाढ. झोपेतल्या माणसाला कोण आलं, कोण गेलं, सांगता येत नाही."

"मग पिशवीत काय आहे? कॅमेऱ्याचे फोटोच ना? ते द्या कोर्टाला."

काकांनी पिशवी छातीशी धरली. तेवढ्यात बाक करकरला आणि धाकटे उभे राहिले.

"नको, नको! सायबानु, माका ते फोटो नको."

त्यांचे वकील वळून कुजबुजले, "अहो, बसा. आपल्याच फायद्याचं आहे."

"फायदो नको माका."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्या फोटोंत काय आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

"नाय सायब," धाकटे म्हणाले. "माका कसा म्हायत असतला? मी पण त्या येळेक निजतंय."

न्यायाधीश काकांकडे बघत राहिले, मग धाकट्यांकडे, मग परत काकांकडे. दोघे म्हातारे खाली मान घालून उभे होते. न्यायाधीशांना काय वाटलं कोण जाणे, पण त्यांनी फोटोंचा विषय पुढे नेला नाही. पुढची तारीख दिली.

परतीच्या गाडीतही बैठक तीच राहिली. काकांनी खाजाचा पुडा घेतला होता, तो उतरताना सीटवरच विसरले. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर मागून आलेल्या धाकट्यांनी तो उचलला, खिशात नीट ठेवला आणि घरी घेऊन गेले. काकांनी हे पाहिलं, आणि ते पावलं उचलून पुढे चालू लागले.

केस अजून चालू आहे. मी ते घर सोडलं, दमा बरा झाला, माझा कोड आता उघड्या डोळ्यांचे मास्तर काढतो. पण त्या घरातली मला आठवते ती कोर्टाच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. जेवणं आटोपली होती. काका खाटेवर आडवे झाले आणि पाठ टेकते न टेकते तोच घोरायला लागले. ते घोरणं मी आधीही ऐकलं होतं, ते असं नव्हतं. हे माइकवरून चाललं होतं. काही वेळ झाला आणि गडग्यापलीकडून दुसरं घोरणं सुरू झालं, याच्या वरताण. मग इकडून काकांनी आवाज चढवला. दोघांनाही धड घोरता येत नव्हतं, मधेच श्वास चुकत होता आणि परत नव्यानं उचलावं लागत होतं. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. हे दोघे एकमेकांशी कधी बोलणार नव्हते, पण त्या दुपारी एक पहारा दोघांनी मिळून दिला.

मी खिडकीशी गेले. फणसाखाली काकी ताट घेऊन उभ्या होत्या, गडग्यावर हिरव्या बांगड्यांचा हात होता. धाकट्या काकी काहीतरी हळू, घाबरत घाबरत सांगत होत्या. काकींनी मान वळवून दोन्ही घरांकडचं घोरणं नीट ऐकून घेतलं.

"वायच मोठ्यान बोल गो," त्या म्हणाल्या, "दोघय निजले आसत."